दार मी येऊन उघडीन

मोहन आढाव त्या संध्याकाळी घरातून निघाला तो एका माणसाला आणायला. काम एवढंच. तेरा जानेवारी, लोहडी, म्हणजे इथला शेकोटीचा सण. बुडैलच्या जेलमधून एक जण सुटणार होता. त्याला गेटवरून घ्यायचं, जेवू घालायचं आणि रात्री टेकायला जागा द्यायची.

हरिभाऊंनी गोष्ट अशी संथ सुरू केली. जेवणं आटोपली होती. मोहालीच्या नॉलेज सिटीत संशोधन करणारा निमिष, त्याच्याच लॅबमधली स्वानंदी आणि इथेच जन्मलेला राजस, ज्याला मराठी सगळं कळतं पण तोंडातून हिंदीच निघतं, अशी तिघं हरिभाऊंच्या घरी रजया पांघरून बसली होती. बाहेर धुक्यात समोरची इमारतही दिसत नव्हती. हरिभाऊ मूळचे साताऱ्याकडचे, हवाई दलातून निवृत्त झाले आणि चंदीगडमध्येच राहिले. मोहन त्यांच्या हाताखाली कारकून होता, आणि आता त्यांच्याच जिन्यात खालच्या मजल्यावर राहत होता. तेव्हा ही गोष्ट ऐकीव नाही, खुद्द मोहनच्या तोंडची आहे, असं त्यांनी आधीच बजावलं.

"नगरकडचा ख्रिस्ती माणूस," हरिभाऊ म्हणाले. "पण मी त्याच्या धर्माबद्दल बोलत नाहीये, हे ध्यानात ठेवा. त्याच्याच चर्चच्या मंडळीतल्या शैलजाबाई आहेत, रिटायर्ड नर्स. त्याही जेलमध्ये जातात. कुणाचं दुखणं बघतात, कुणाच्या आईला निरोप पोचवतात, आणि घरी येऊन गप्प बसतात. त्या बाईच्या पायावर मी डोकं ठेवीन. मोहनची गोष्ट वेगळी."

निवृत्तीनंतर मोहनने एक संस्था काढली होती. कैद्यांना प्रभूची वाट दाखवायची आणि सुटल्यावर आधार द्यायचा. संस्थेचं नाव 'खुला द्वार'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पांढरी व्हॅन घेतली होती, तिच्या दोन्ही अंगांना हे नाव आणि शेजारी मोहनचा हसरा फोटो. क्रूस मागच्या काचेवर होता, जागा उरली तेवढा.

मोहनला कैदी आवडत नसत. त्याला आवडायच्या त्यांच्या साक्षी. साक्ष म्हणजे माणसाने मंडळीपुढे उभं राहायचं, मी असा पापी होतो आणि प्रभूने मला असा बदलला, हे सांगायचं. मनापासून सांगितलं तर ऐकणाऱ्याचंही भलं होतं, असं शैलजाबाई म्हणत. मोहनचा हिशोब निराळा. पाप जेवढं मोठं तेवढी साक्ष गोड, आणि साक्ष गोड असली की देणग्या देणारे दिल्लीचे पाहुणे विरघळतात. पाकीटमारांकडे तो ढुंकूनही बघत नसे.

बलकार मात्र खुनी होता. पिंजौरचा गडी. शेताच्या बांधावरून भांडण झालं, हातात फावडं होतं, चुलतभाऊ गेला. दहा-अकरा वर्षं आत काढून तो आता सुटत होता. आत गेला तेव्हा मुलगी पाळण्यात होती. बायको नंतर वारली. मुलीला आजीने वाढवलं.

गेटवर मोहन स्वेटर घेऊन उभा होता. दुसऱ्या हातात फोन, व्हिडिओ चालू. शैलजाबाईही आल्या होत्या, डब्यात परोठे घेऊन. बलकार बाहेर आला, दोघांच्या पाया पडला आणि व्हॅनपाशी येऊन थांबला. दार बंद होतं. तो दारापुढे नुसता उभा राहिला.

"का?" स्वानंदीने विचारलं.

"अगं, दहा वर्षं ज्याने एकही दार आपल्या हाताने उघडलं नाही, तो उभाच राहतो. कुणीतरी येऊन उघडेपर्यंत. जेलमध्ये दार उघडतं ते दुसऱ्याच्या हाताने, बंद होतं तेही दुसऱ्याच्या. या कामातल्या सगळ्यांना हे ठाऊक असतं. शैलजाबाई काय करतात, अशा माणसाचा हात धरतात, दांडीवर ठेवतात आणि म्हणतात, तूच उघड बाबा. महिना-महिना हेच चालतं."

त्या दिवशीही त्या पुढे झाल्या होत्या. पण मोहनने त्यांना बाजूला सारून दार स्वतः उघडलं. व्हिडिओत ते चांगलं दिसतं.

व्हॅन सुरू झाल्यावर बलकारने हात जोडले. "ब्रदर जी, तरताली के अड्डे पे उतार दो मैनूं. पिंजौर दी बस मिल जाएगी. लोहडी है जी. बेटी जाग रही होगी."

तरताली म्हणजे सेक्टर त्रेचाळीस, मोठा बस अड्डा. तिथून हाकेच्या अंतरावर. मोहनने गाडीचा वेगसुद्धा कमी केला नाही.

"कल जाना. कल दिल्ली से मेहमान आ रहे हैं, पहले उनके सामने गवाही दे. फिर मैं खुद छोड़ूँगा."

"मोहन, सोड त्याला," मागून शैलजाबाई म्हणाल्या. "साक्ष काय पळून जातेय? रविवारी येईल तो. मी त्याला बसमध्ये बसवून देते."

"ताई, ही माणसं एकदा गेली की गेली," मोहन मराठीत म्हणाला. बलकारला मराठी कळत नव्हतं, म्हणून आवाजही खाली घेतला नाही. "घरी जाईल, दारू पिऊन पडेल. पाहुण्यांना मी काय दाखवू, रिकामी खुर्ची?"

शैलजाबाई गप्प झाल्या. आपण गप्प झालो याचं त्यांना आजही वाईट वाटतं. बलकारने फक्त "जी" म्हटलं. हुकूम देणाऱ्याला दुसरं उत्तर असतं हे तो विसरूनच गेला होता.

बुडैल गावात, एका गल्लीच्या टोकाला 'खुला द्वार'ची खोली होती. एक खाट, एक रजई, भिंतीवर वचनाचा फलक. वरच्या झरोक्यात थंडीसाठी पोतं कोंबलेलं. मोहनने कोळशाची अंगीठी पेटवून आत ठेवली. ही त्याची दया. पुढे तो हे सगळ्यांना सांगायचा, अंगीठी मी दिली होती.

आता अडचण एकच होती. माणूस रात्री उठून चालू लागला तर? पिंजौर काही लांब नाही. दाराची बाहेरची कडी तुटलेली होती, नुसती लोंबत होती. दुसरा कुणी असता तर कुलूप शोधायला गेला असता. मोहन गालातल्या गालात हसला.

"दरवाज़े को हाथ नहीं लगाना," त्याने बलकारला सांगितलं. "बाहर से बंद रहेगा. सवेरे मैं आऊँगा. दार मी येऊन उघडीन." शेवटचं वाक्य मराठीत, स्वतःच्याच मौजेसाठी.

त्याने दार ओढून घेतलं आणि ती मोडकी कडी बाहेरून दोनदा खडखडवली, आत ऐकू जाईल अशी. मग घरी गेला.

"कुलूप दाराला लावायचंच नसतं," जेवताना त्याने बायकोला, सुनेत्राला सांगितलं. "ते त्यांच्या डोक्यात आधीच लागलेलं असतं." सुनेत्राला हसू आलं नाही. तिने ताटातली पोळी तशीच ठेवली आणि उठली.

सकाळी धुकं दाट. दिल्लीची गाडी उशिराने येणार असं कळलं. मोहनने पुन्हा पांघरूण ओढलं. मग सावकाश अंघोळ, पोहे, चहा. सुनेत्राने दोनदा आठवण केली, त्या माणसाला उघडून या. "बसलाय आत, कुठे जातोय," मोहन म्हणाला. पाहुण्यांसमोर दार उघडण्यात जी गंमत होती, ती आधी उघडून वाया कोण घालवील.

दुपार झाली. पाहुणे आले. व्हॅन गल्लीत शिरली. एका पाहुण्याने फोन वर धरला. मोहनने हसऱ्या तोंडाने दार आत ढकललं.

दार वीतभर सरकलं आणि थांबलं.

आत काहीतरी टेकलेलं होतं. जड. मऊ...

त्याने जोर लावला.

बलकार दाराशी उकिडवा बसला होता. संध्याकाळच्या गिनतीला कैद्यांना बसवतात तसा, दोन्ही हात गुडघ्यांवर. डोकं दाराला टेकलेलं. अंगीठी विझलेली. कोळशाचा वायू, डॉक्टर म्हणाले. डोकं जड झालं असणार, श्वास लागेना झाला असणार, म्हणून दाराशी आला. रात्रभर गल्लीत लोहडीचे ढोल वाजत होते. त्याने हाक मारली असली तरी कुणाला ऐकू जाणार? आणि दार... दार नुसतं ओढायचं होतं.



पोलीस आले, बघून गेले. थंडीत असे मृत्यू होतात. कुणी कोंडलं नव्हतं, कडी मोडकी होती, हे मोहनच्या पथ्यावरच पडलं. "दार उघडं होतं साहेब," तो सांगत होता. "तोच आला नाही बाहेर. मी काय करणार?"

इथवरसुद्धा माणूस म्हणेल, चूक झाली. पण रविवारी मोहन मंडळीपुढे उभा राहिला आणि डोळे मिटून म्हणाला, "बलकार गुडघ्यावर सापडला. प्रार्थनेत होता." सगळीकडून हुंदके आले. पिंजौरहून मुलीला आणलं होतं, तिच्या खांद्यावर शाल घातली, फोटो काढले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी ऐकली होती, हरिभाऊ म्हणाले, हा शेजारी निघाला. शैलजाबाई भर उपासनेतून उठून बाहेर गेल्या. मोहनने त्यांच्यासाठीही प्रार्थना केली, माइकवरून.

"अंकल, ये तो हद है," राजस म्हणाला.

"ऐक पुढचं."

पहिल्यांदा ते चर्चच्या कोठीत झालं. गीतांची पुस्तकं काढायला मोहन गेला. दार ढकललं. वीतभर सरकलं आणि थांबलं. जड. मऊ. त्याने हात मागे घेतला. मग पुन्हा ढकललं, तर सताड उघडलं. आत पुस्तकं.

मग ऑफिसात. मग स्वतःच्या न्हाणीघरात. बाजारात एका दुकानाच्या काचेच्या दाराशी, भर दुपारी. काचेतून पलीकडचं सगळं दिसत होतं, कुणी नव्हतं, आणि तरी हाताला ते वजन लागलं. उकिडव्या माणसाचं, दाराला टेकलेलं.

दिवाळीपर्यंत मोहनने दारं उघडणं सोडलं. दारापुढे जाऊन उभा राहायचा. "बेटा, ज़रा खोलना," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. कुणी नसलं तर थांबायचा. चर्चच्या पायरीवर सूट घालून तसाच उभा असे, आणि मंडळी म्हणत, ब्रदर किती नम्र झालेत.

शेवटी शैलजाबाईंनीच विचारलं. त्याने सगळं सांगितलं, त्या रात्रीच्या कडीपासून. 

"त्याला तू शब्द दिला होतास," मग त्या म्हणाल्या. "येऊन उघडीन म्हणून. तो अजून वाट बघतोय मोहन. पुन्हा असं झालं तर हात मागे घेऊ नको. उघड. आणि माफी माग."

मोहन "हं" म्हणाला. त्या आठवड्यात तो दुसऱ्या खोलीसाठी पाहुणे गाठत होता, बलकारच्या नावाने. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पुन्हा तेरा जानेवारी आली. पुन्हा लोहडी. सुनेत्रा आणि शैलजाबाई पिंजौरला गेल्या, त्या मुलीकडे. रात्री तिथेच राहणार होत्या. मोहनलाही म्हणाल्या होत्या, चल. त्याला पाहुण्यांचे फोन यायचे होते.

रात्री खाली अंगणात लोकांनी लोहडी पेटवली. धूर वर येऊ लागला. मोहनने मुख्य दार सुनेत्राने जाताना ओढून घेतलं तसंच राहू दिलं होतं. पण धुराचा वास बेडरूमपर्यंत आला, तेव्हा त्याने बेडरूमचं दार पायाने लोटून दिलं. लोटणं जमत होतं त्याला. उघडणं जमत नव्हतं. सकाळी बायको येईल, ती उघडील, असा विचार करून आडवा झाला.

ढोल थांबले. माणसं घरोघर गेली. जिन्यात पावलं वाजली, ती वर वर गेली. मग काही नाही.

मोहनला झोप लागत होती, तेवढ्यात लाकूड करकरलं.

दाराला बाहेरून कुणीतरी टेकलं होतं.

घरात कुणी नव्हतं. मुख्य दार बंद. आणि दाराच्या पाठीवरून कापड घासत खाली खाली जात होतं... कुणीतरी टेकत टेकत खाली बसावं तसं.

मग श्वास. सावकाश. जड.

मोहन उठून बसला. हलला नाही.

"ब्रदर जी..."

आवाज हळू होता. त्यात राग नव्हता. मोहन हे सांगताना दरवेळी रडायचा, की राग नव्हता.

"ब्रदर जी... सवेर हो गई?"

हरिभाऊ थांबले. 

मोहनला सगळं कळत होतं. पाच पावलांवर दार. हात घालायचा, ओढायचं. शैलजाबाईंचे शब्द आठवत होते. तो खाटेवरून उतरलाही. दाराजवळ गेला. दांडीकडे हात नेला...

आणि म्हणाला, "अभी नहीं. सो जा."

पलीकडून उत्तर आलं.

"जी."

तो तिथेच खाली बसला.  मध्ये लाकडाची एक फळी. इकडे हा. तिकडे तो.

किती वेळ गेला, माहीत नाही.

"ब्रदर जी... सवेर हो गई?"

"अभी नहीं."

"जी."

पुन्हा... पुन्हा... रात्रभर. आणि दरवेळी तेच उत्तर, आणि दरवेळी ते "जी".

मग पक्षी बोलू लागले. दूधवाल्याची मोटारसायकल आली. वर आमच्याकडे नळाला पाणी आलं, तो आवाज त्याने ऐकला. पडद्यावर उजेड पडला. लख्ख ऊन, त्या दिवशी धुकंसुद्धा नव्हतं.

"ब्रदर जी..." आवाज आता अगदी बारीक झाला होता. "सवेर हो गई?"

मोहनने खिडकीकडे पाहिलं. उन्हाकडे पाहिलं.

"अभी नहीं," तो म्हणाला.

या खेपेला "जी" आलं नाही.

हरिभाऊंनी रजई नीट केली. मग कोरड्या आवाजात बोलले.

"भुताला भ्याला म्हणून मी हसणार नाही. मीही भ्यालो असतो. पण ऊन डोळ्यांवर आल्यावरही जो 'अभी नहीं' म्हणतो, त्याची मला कीव येत नाही. घृणा येते. त्याला ते दार उघडायची संधी दोनदा मिळाली. एकदा जिवंत माणसासाठी आणि एकदा मेलेल्यासाठी."

सुनेत्रा दुपारी परत आली. बेडरूमचं दार ढकललं, ते सहज उघडलं. मोहन आत, दारापासून हातभर मागे, जमिनीवर उकिडवा बसला होता, हात गुडघ्यांवर. तिने हाक मारली तेव्हा त्याने विचारलं, "उघडलंस?"

संस्था बंद झाली. व्हॅन खाली धूळ खात उभी आहे. मोहन अजून तसाच आहे, घरातल्या घरात दारापुढे उभा राहतो. पिंजौरच्या मुलीकडे आता त्या दोघी बायका जाऊन येऊन असतात. मोहनचं नाव त्या घरात कुणी घेत नाही.

"आणि तो?" स्वानंदीने विचारलं. "परत आला का?"



"त्याच दुपारी सुनेत्राने मला खाली बोलावलं," हरिभाऊ म्हणाले. "बेडरूमच्या दाराची बाहेरची बाजू दाखवली. खाली, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तिथे, तळहाताएवढा तेलकट डाग. तिने सोड्याने घासला. रंगाऱ्याला बोलावून दोन हात दिले. डाग रंगातून वर आला. मग तिने ते दारच काढलं आणि नवं बसवलं, सनमायका लावलेलं. त्याच्यावरून डाग पुसला की निघतो. ती रोज रात्री पुसून झोपते. आणि रोज सकाळी तिथे पुन्हा डाग असतो, ओला."